बाटली, पुडी की वडी?

आज डोक्याबद्दल बोलायचं आहे. म्हणजे डोक्याच्या वरच्या बाजूबद्दल. आतल्या बाजूला काय चालतं ते कर्जाचे हप्ते मोजताना आपण पुष्कळ बोलून झालो आहोत.

सुरुवात आमच्या फजितीपासूनच करतो. आमचा गट माण तालुक्यातला. साबण करायचं प्रशिक्षण आम्ही घेतलं आणि कॉस्टिक सोडा, खोबरेल तेल, पाणी यांचा अंगाचा साबण आम्हाला चांगला जमला. मग बैठकीत कुणीतरी म्हणालं, शहरात आता शाम्पूच्या वड्या निघाल्यात, बाटलीपेक्षा महाग जातात. झालं! आम्ही त्याच साच्यात, त्याच साबणात रिठ्याची आणि शिकेकाईची पूड घातली आणि वर ‘शाम्पूची वडी’ अशी चिठ्ठी लावली. आपल्याच भावकीत, ओळखीपाळखीत वाटली, काही विकलीही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बायकांनी ती हौसेनं लुटली.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. आमच्यातल्या एकीच्या नणंदेचा आटपाडीहून फोन आला, “वहिनी, केसांत फणी शिरंना. सुतळी झालीय नुसती.” जतला दिलेल्या एका आत्याबाईंच्या डोक्यात पांढरा भुसा दिसायला लागला. त्यांना वाटलं, आमच्या वडीनं कोंडा झाला. गंमत अशी की सातारा शहरात राहणारी आमच्यातल्या एकीची लेक म्हणाली, “मला तर बरी वाटली, अजून दोन पाठवा.” वडी एकाच साच्यातली, एकाच दिवशी कापलेली. मग आटपाडीत सुतळी आणि साताऱ्यात बरी, असं का?

पैसे परत दिले, कानाला खडा लावला आणि आम्ही कारण शोधायला बसलो. कृषी शाखेत शिकणारी गावातली एक मुलगी आणि शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, दोघींनी आम्हाला बरंच समजावलं. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

कारण होतं पाण्यात. आकाशातून पडणारा पाऊस मऊ असतो. तो जमिनीत मुरतो, खडकातून झिरपतो, तेव्हा खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेतो. जितकं पाणी खोलात आणि जितका काळ खडकात राहिलेलं, तितकं बहुधा जड. आपल्या माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या भागात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सगळी भिस्त बोअरवर. पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तोच हा क्षार. आणि सातारा शहराला बऱ्याच भागात कासच्या तलावाचं पाणी येतं. पठारावर साठलेला पाऊसच तो. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडे त्याचा दहावा हिस्सा. केसांनाही हा फरक कळतो.

आता साबण आणि जड पाणी यांचं जमत नाही. साबण पाण्यातल्या कॅल्शियमला धरतो आणि दोघांचा मिळून एक चिकट, पांढरा, पाण्यात न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला साबणाचा जो चिवट थर बसतो तोच. अंगावरून तो पुष्कळसा निघून जातो, पण केसांच्या जंगलात अडकतो. केस चिकट होतात, एकमेकांत गुंततात, वाळल्यावर त्या साक्याचा भुसा पडतो. आत्याबाईंचा ‘कोंडा’ तो हाच होता.

हे घरी बघता येतं. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत पागोळ्यांचं धरलेलं पाणी, ते नसेल तर फिल्टरच्या मशीनचं पाणी. दुसरीत आपल्या बोअरचं. दोन्हींत साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि झाकण लावून खळखळ हलवा. पहिलीत फेस उभा राहतो. दुसरीत फेस बसतो आणि दही फुटल्यासारखे कण तरंगतात. आता हाच खेळ पुडीतल्या शाम्पूचा एक थेंब घालून करा. दोन्हींत फेस येतो. शाम्पू म्हणजे साबण नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

पाण्याचा जडपणा किती, हेही मोजता येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एका लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला धरला आहे; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. पेटी कपाटात कुलपात असेल तर बाहेर काढायला लावा.

दुसरं कारण आंबट-खारटाचं. शास्त्रात त्याला पीएच म्हणतात. सातच्या खाली आंबट, सातच्या वर साबणाच्या बाजूचं. आपल्या डोक्याची कातडी जराशी आंबट बाजूला असते, साधारण साडेपाच. खरा साबण असतो नऊ ते दहा. केसाच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. साबणाच्या पाण्यात ते उघडतात आणि केसाला केस घासला की एकमेकांत अडकतात. लिंबाच्या पाण्यात ते मिटतात. आपल्या आज्या डोकं धुतल्यावर शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायच्या ते उगाच नव्हतं. लिंबानं साकाही सुटतो आणि खवलेही बसतात. त्यांना पीएच माहीत नव्हता, पण केस कसे मऊ होतात हे माहीत होतं.

मग आम्ही म्हटलं, साबणातच लिंबू घालू या की! घातलंही. मिश्रण फाटलं. वर तेल आलं, खाली पाणी राहिलं. विज्ञानाच्या बाई हसल्या. म्हणाल्या, साबण आंबट करता येत नाही. आंबट केला की तो साबण राहत नाही, त्यातली तेलकट आम्लं सुटून वर येतात. म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या वडीवर कुणी ‘पीएच साडेपाच’ असं छापलं असेल तर ते खोटं आहे, हे आता आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो.

तर बाजारात ‘शाम्पू बार’ म्हणून मिळणाऱ्या वड्या दोन जातींच्या असतात आणि सगळा घोळ इथंच आहे. एक जात आमच्यासारखी, म्हणजे साबणच, वर वनस्पतींची नावं. दुसरी जात खऱ्या शाम्पूची, फक्त त्यातलं पाणी काढलेलं. दिसायला दोन्ही सारख्या. ओळखायचं वेष्टनावरून. घटकांची यादी बारीक इंग्रजी अक्षरांत असते, ती घरातल्या शिकणाऱ्या मुलीला वाचायला सांगा. पहिल्या दोन-तीन नावांत ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ असं काही आलं तर ती शाम्पूची वडी. हा पदार्थ खोबरेल तेलापासून निघालेल्या आम्लांतून कारखान्यात करतात. जड पाण्यात त्याचा साका होत नाही आणि कातडीला तो सौम्य आहे. ‘सोडियम पामेट’, ‘सोडियम कोकोएट’ किंवा ‘सॅपोनिफाइड’ असा शब्द आला तर तो साबण. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या बाईनं तो डोक्याला लावू नये, मग वर जास्वंदीचं चित्र असो की माक्याचं. यादीच छापलेली नसेल तर ती वडी घेऊच नका. आमच्या वडीवरही ती नव्हती.

आणि शाम्पूची वडी म्हणजे सौम्यच, असंही नाही. काही वड्यांत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ असतं. ते काही बाटल्यांतही असतं. मळ जोरात काढतं, पण नाजूक कातडीला झोंबतं, खाज आणतं. तेही नाव यादीत बघून ठेवा.

मग बाटलीतून वडीवर जाऊन डोक्याला फायदा काय? आम्ही कुणाच्या बाजूनं बोलत नाही, म्हणून सरळ सांगतो. बाटलीतल्या शाम्पूत साधारण तीन हिस्से पाणीच असतं. जिथं पाणी तिथं बुरशी आणि जंतू वाढणार, म्हणून टिकवण्यासाठी औषध घालावं लागतं. त्यातल्या काही औषधांची काहीजणींच्या कातडीला ॲलर्जी असते. मानेला, कपाळाच्या कडेला, कानामागे लाल चट्टे येतात आणि खाज सुटते. कोरड्या वडीत असं औषध कमी लागतं किंवा लागतच नाही. अशा बाईला वडीनं खरंच आराम पडू शकतो. पण वास तर वडीतही घालतात आणि वासाचीही ॲलर्जी असते. त्यामुळे चट्टे उठणाऱ्यांनी बिनवासाची बघावी आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून दोन दिवस वाट बघावी.

ज्या आजवर कपड्याच्या किंवा अंगाच्या साबणानं डोकं धुतात, आणि अशा आपल्यात अजून पुष्कळ आहेत, त्यांना सगळ्यात जास्त फरक दिसेल. पण तो फरक साबण सोडल्याचा आहे, वडीचा नव्हे. पुडी वापरली तरी तो दिसेल. ज्या आधीपासून सौम्य शाम्पू वापरतात आणि काही त्रास नाही, त्यांच्या डोक्याला वडीनं वेगळं काही होणार नाही. त्यांचं प्लॅस्टिक वाचेल, एवढंच.

कोंड्याबद्दल मात्र जरा थांबून बोलू, कारण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या त्याच्याच आल्यात. आपल्याला वाटतं, कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, मग चोपडा तेल. बहुतेक वेळा हे उलटं असतं. प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी राहते. ती आपल्याच कातडीच्या तेलावर जगते. काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो, कातडी भराभर सुटायला लागते, तो कोंडा. रात्री तेल थापून, अंबाडा घालून झोपणं म्हणजे त्या बुरशीला जेवायला वाढणं. कोंडा असताना तेल डोक्याच्या कातडीला लावू नये. केसांच्या लांबीला लावायचं तर धुण्याआधी लावावं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, असं २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगून ठेवतो, पण प्रयोग सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाशी तुलना करून केलेला होता आणि तो मानला जातो.

साधी वडी कोंडा बरा करत नाही. कोंड्याला बुरशीचं औषध लागतं. औषधाच्या दुकानात केटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. डॉक्टर तो बहुधा आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायला सांगतात. लावून पाच मिनिटं ठेवायचा असतो. आपण लावतो आणि लगेच तांब्या ओततो, मग म्हणतो गुण आला नाही.

आता पैशाचं. दक्षिणेत, तमिळनाडूतल्या कडलूर गावच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीतला शाम्पू विकायची कल्पना आणली आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ काढून ती गावोगावी पोचवली. त्याआधी शाम्पू म्हणजे शहरातल्या बायकांची चैन. पुडीनं तो मजुरी करणाऱ्या बाईच्या हातात दिला, हे विसरून चालणार नाही. आज कुणी येऊन आपल्याला म्हणतं, पुड्या वाईट, वडी घ्या, तेव्हा आम्ही आधी हिशेब मांडतो. समजा वडी २०० रुपयांची आहे आणि लांब केसांना ती ५० वेळा पुरली. एका धुण्याचे ४ रुपये झाले. रुपयाच्या दोन पुड्या लागल्या तर २ रुपये. म्हणजे पुडी स्वस्तच. बाटलीशी तुलना केली तर वडी बरोबरीत येते, कधी सरसही पडते. ‘एक वडी म्हणजे तीन बाटल्या’ असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, पण ते आखूड केसांचं गणित असावं, आपल्या कमरेपर्यंतच्या वेण्यांचं नव्हे. वडी घेतलीत तर न्हाल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. वडी संपली की फुल्या मोजा आणि किमतीला भागा. आपला हिशेब आपणच करावा.

पुडीचा तोटा दुसरीकडे आहे. प्लॅस्टिकच्या आणि चकाकीच्या थरांची ती पुडी भंगारवालाही घेत नाही. मग ती मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून माणगंगेत जाते. एरवी कोरड्या पडलेल्या नदीच्या वाळूत चकाकणारं काय आहे ते बघायला लांब जायला नको. पुडीशिवाय परवडत नसेल तर एवढं करा: पुडी थेट डोक्यावर पिळू नका, अर्ध्या तांब्या पाण्यात आधी फेसाळून घ्या. एकीत काम भागतं. रिकाम्या पुड्या एका डब्यात साठवा आणि कचऱ्याच्या गाडीत द्या. जाळू मात्र नका.

आणि रिठा-शिकेकाई? ज्यांना सवड आहे त्यांनी खुशाल करावी. रिठ्यात फेस आणणारा पदार्थ निसर्गानंच घातला आहे, जड पाण्यात त्याचा साबणासारखा साका होत नाही, आणि शिकेकाईचं पाणी आंबट बाजूचं असतं. पाटण, जावळीकडच्या डोंगरातून शेंगा येतात त्या आठवडी बाजारात मिळतात. आमची चूक शिकेकाई घातली ही नव्हती, ती साबणात घातली ही होती. रात्री भिजवून, सकाळी उकळून, दोनदा गाळून घ्या. गाळण्यात आळस केला तर भुकटी केसांत बसते. आणि डोळे घट्ट मिटा, रिठा डोळ्यांत गेला तर आग आग होते.

वडी वापरायची पद्धत बाटलीपेक्षा वेगळी आहे, तिथंही आमच्या चुका झाल्या. अंगाच्या साबणासारखी ती केसांवरून घासत सुटायची नाही. केस आधी पूर्ण भिजवा. वडी ओल्या तळव्यांवर फिरवा, फेस आला की बोटांच्या टोकांनी, नखांनी नव्हे, डोक्याच्या कातडीला लावा. कानामागे, मानेवर, भांगात. लांबीला वेगळं लावायची गरज नाही, वरून ओघळणारा फेस तिथला मळ काढतो. केसांचा गोळा करून डोक्यावर घुसळू नका, गुंता तिथंच होतो. मग भरपूर पाणी. टँकरच्या दिवसांत भरपूर पाणी कुठून आणायचं, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या धुण्याला जड पाणी चालतं, पण एखादा तांब्या मऊ पाणी शेवटच्या खळबळीला राखून ठेवा. पावसाळ्यात पागोळ्यांचं धरा. नसेलच तर त्या तांब्यात अर्ध लिंबू. मात्र कातडी फुटलेली असेल, जखम असेल तर लिंबू नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या, द्राक्षाच्या हंगामाला तासगावकडे जाणाऱ्या बायकांना वडी सोयीची पडते हे खरं. सांडत नाही, फुटत नाही, पिशवीत कुठंही राहते. फक्त ओली वडी डब्यात कोंडली की तिचा लगदा होतो. भोकाच्या साबणदाणीत ठेवा, नाहीतर फडक्यात बांधून खुंटीला टांगा.

ज्यांची घरं भरलेली आहेत त्यांच्यासाठी: निरोगी माणसांनी एक वडी वापरली तर बिघडत नाही. पण कुणाच्या डोक्यात खवडे असतील तर त्याची वडी, फणी, पंचा वेगळा. लेकरांच्या डोक्यात गोल चकंदळ, खपल्या आणि तिथले केस तुटलेले दिसले तर ती गजकर्णाची बुरशी असू शकते. ती केसाच्या मुळात शिरते. तिला कुठलाही शाम्पू पुरत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या काही आठवडे चालतात. आरोग्य केंद्रात दाखवा. गुळगुळीत, खपली नसलेला गोल डाग पडला तर ती चाई. ती बुरशी नव्हे आणि सांसर्गिकही नाही. तिलाही कांदा चोळत बसण्यापेक्षा डॉक्टर बरा. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, ते बहुतेकींचे आपोआप परत येतात. त्यासाठी महागडी वडी घेऊ नका. गळती थांबतच नसेल, दम लागत असेल, चेहरा पांढरा पडला असेल तर रक्त तपासून घ्या. लोह कमी असेल तर केसांना वरून काहीही लावून उपयोग नाही.

उवांबद्दल एकच, पण जोरात सांगायचं आहे. शेतात फवारायचं औषध उवांसाठी डोक्याला लावू नका. पोरींच्या तर मुळीच नाही. घासलेटही नाही. फवारणीचं औषध डोक्याच्या कातडीतून रक्तात जातं, जीव जातो. औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन मिळतं. दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण लिखा राहिलेल्या असतात. बरोबर बारीक दातांची फणी, ओल्या केसांत, रोज. कंटाळवाणं आहे, पण त्यानं काम होतं.

आणि जट. हे बोलावं की नाही यावर आमच्यातच दोन मतं होती. बोलायचं ठरलं. जड पाणी, कपड्याचा साबण, आजारपणात किंवा दुःखात महिनाभर न फिरलेली फणी, वर अंबाड्यात आवळलेले ओले केस. एवढ्यानं गुंता होतो. पहिल्या आठवड्यात तो तेल लावून, बोटांनी, शेवटाकडून वर सुटतो. पण घरातलं कुणीतरी म्हणतं, देवीचं आलंय, हात लावू नका. मग त्यात हळद-कुंकू भरतं, मळ साठतो, उवा होतात, आणि वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवत बाई दुखणं सोसते. काहींना त्यापायी घरदार सोडून देवाला वाहिलं गेलं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांना जटेतून सोडवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी आजवर कितीतरी जटा स्वतःच्या हातांनी कापल्या आहेत. त्या आधी बाईशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, मग कात्री काढतात. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका काकूंचा गुंता सुटायला आम्हा तिघींना दोन दुपारी लागल्या. थोडे केस कापावे लागले. काकूंनी ते हातात घेऊन तोलून बघितले आणि म्हणाल्या, “एवढंच होतं व्हय!”

शेवटचं, गटांसाठी. शाम्पूची वडी आपण करू शकतो का? करता येते, पण ती साबणासारखी कॉस्टिकची नाही. आयसेथिओनेटची पूड विकत आणावी लागते, मंद आचेवर मऊ करून साच्यात दाबावी लागते, आणि ती पूड उडते, नाकात जाऊन खोकला काढते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. पीएचच्या कागदाच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. प्रत्येक घाण तपासायचा. आणि विकायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधनं विनापरवाना करून विकणं कायद्यानं गुन्हा आहे, हे आम्हाला त्या संक्रांतीला माहीत नव्हतं. वाण म्हणून लुटलं, ते भावकीत निभावलं. दुकानात ठेवलं असतं तर निभावलं नसतं. आमचा परवान्याचा विचार चालू आहे. तोवर आम्ही अंगाच्या साबणाचंही विकणं थांबवलं आहे, कारण तोही त्याच कायद्यात येतो. घरच्यापुरता करतो.

एका मैत्रिणीनं चिठ्ठीत विचारलंय, दोनशे रुपयांची वडी आणली आणि तिसऱ्या दिवशी मोरीतून गायब झाली, कुणी नेली असेल? ताई, जावेवर संशय घेऊ नका. खोबऱ्याच्या वासाची वडी उंदीर नेतो. आमच्याही दोन नेल्या. तारेला बांधून अधांतरी टांगा.